माहीत आहे, दुरुस्त करणार नाही

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुदर्शनदादा,

नमस्कार. आई बरी आहे. थंडी पडल्यापासून गुडघा जास्त दुखतो, तरी परवा रिक्षा करून गुलमंडीवर गेली आणि श्रेयासाठी परकराचं कापड घेऊन आली. हिरवं, जरीच्या काठाचं. आप्पा शेतावरच आहेत, कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून सगळ्यांवर चिडतात. वहिनीला नमस्कार, श्रेयाला पापा.

झाली खुशाली.

तू म्हणशील, हिला कागदावर लिहायची हौस कुठून आली. हौस नाही. महिना झाला तू माझा फोन उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक येते. कंपनीच्या मेलवर लिहिलं तर उत्तर तुझा पुण्याचा वकील देतो आणि मला 'डिअर मॅडम' म्हणतो. सख्ख्या भावाला काही विचारलं तर वकिलानं डिअर मॅडम म्हणायचं, ही काय पद्धत झाली? म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतेय. सही करून घ्यावं लागेल. पुढं वाचायचं की फाडायचं ते तुझं तू ठरव.

मागच्या रविवारी मी पिशोरला जाऊन आले. कुणाकडं ते तुला ठाऊक आहे. तुझा वकील तिला 'तक्रारदार युजर' म्हणतो. तिला नाव आहे. ज्ञानेश्वरी. वय एकोणीस, इथं शहरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. 'होती' म्हणते, कारण आता नाही. तिला आई नाही, आजी म्हाळसाबाईनं वाढवलंय. बाप अंगद. त्यांची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता चाळीसेक राहिलीत, बाकी दुसऱ्याच्या रानात कामाला जातो. पिशोर सोडून डोंगराकडं गेलं की त्यांची वस्ती लागते. एसटीतून उतरून मी अर्धा तास चालले. चालता चालता फोन बघत होते. रेंजची एक काडी यायची, जायची, परत यायची. मला तिथंच कळलं की इथं हे होणारच होतं.

तू पुण्यात बसून वाचलं असशील 'ऑडिओ लीक, एक घटना'. एक घटना म्हणजे काय झालं ते मी लिहिते. नीट वाच.

जुलैमध्ये ती सुट्टीला घरी आली होती. तिची सुपारी फुटलेली, फुलंब्रीकडच्या राजकुमार नावाच्या मुलाशी. मुलगा चांगला, औषधाच्या दुकानात कामाला. त्याची बहीण, म्हणजे हिची होणारी नणंद, हिच्याच वयाची. दोघींची ओळख वाढावी म्हणून दोघी रोज दिवेलागणीला फोनवर आपली 'सोंगटी' खेळायच्या. सोबत होस्टेलची एक मैत्रीण आणि नणंदेची एक मैत्रीण. गेममध्ये चौघींची एक खोली, चौघींचे आवाज. आपण जाहिरात केली होती ना, 'बोलत बोलत खेळा'? त्या तशाच खेळत होत्या.

त्या दिवशी आजीनं हाक मारली म्हणून हिनं 'बाहेर पडा' दाबलं. पडद्यावर आलं, 'तुम्ही खोलीतून बाहेर पडलात.' हिनं फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवला. आणि आजी म्हणाली, "आकडीची गोळी घेतली का गं?" ही म्हणाली, "हळू बोल ना आजी. त्यांच्याकडं अजून कुणाला म्हाईत नाय."

तिला आकडी येते, दादा. दोन वर्षांत तीन वेळा आली. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणाले की नीट घेतल्या तर काही होणार नाही.

ती बाहेर पडलेलीच नव्हती. माईक चालूच होता. तिकडं नणंदेनं ऐकलं आणि फोनवर टिपून घेतलं. चाळीस सेकंदांची क्लिप. दुसऱ्या दिवशी ती राजकुमारच्या घरात सगळ्यांच्या कानावर, तिसऱ्या दिवशी भावकीच्या ग्रुपवर, आठवड्यात तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर. लग्न मोडलं. मोडताना मुलाकडची चार माणसं वस्तीवर आली आणि अंगदला त्याच्या दारात उभं करून 'फसवं घराणं' म्हणाली. अंगदनं पोरीचं कॉलेज बंद केलं. तो वाईट माणूस नाही. मला म्हणाला, "बाई, ती तिकडं रस्त्यात पडली आन् लोकांनी फोनच काढले तर? आता सगळ्यांना म्हाईत हाय ना तिला काय होतंय ते."

आणि क्लिप जिथं संपते ना, त्याच्या पुढचं वाक्य ऐक. ते आजीनं मला सांगितलं, ज्ञानेश्वरीनं नाही. पुढं ती आजीला म्हणाली होती, "रविवारी तो येणार हाय. तवा मीच सांगते त्याला. माझ्या तोंडानं."

चार दिवसांवर रविवार होता.

मी विचारलं, "मग नंतर त्याला सांगितलं नाहीस का, की मी सांगणारच होते?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आता सांगून काय? चोर पकडल्यावर म्हणतोच की, मी परत ठेवणार होतो. ताई, लग्न मोडलं त्याचं मला एवढं नाय. ते माझं सांगायचं होतं. तेवढं एक माझं होतं. ते तुमच्या गेमनं घेतलं."



तिनं आपल्याला तीन वेळा लिहिलं, दादा. साध्या मराठीत. 'मी बाहेर पडले होते तरी माझा आवाज कसा गेला? माझी चूक आहे का ते सांगा.' तिन्ही वेळा आपल्याकडून एकच छापील उत्तर गेलं: 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. कृपया अ‍ॅप अपडेट करा.' तक्रारी बघणाऱ्या प्रेरणाला वरून तसंच सांगितलेलं होतं. सप्टेंबरात चौथी मेल आली, तीत 'पोलीस' हा शब्द होता. तेव्हा प्रेरणा रडत माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "ताई, हा तुमचा ३१२ आहे ना?"

हो, ३१२. आता तू विसरला असशील तर आठवण करून देते. फेब्रुवारीत मी खुलताबादला मावशीकडं गेले होते. मावशीच्या घरामागं तटाची भिंत, तिथं रेंज मरते. मी प्रेरणाबरोबर खेळून बाहेर पडले आणि जेवायला बसले. पाऊण तासानं प्रेरणाचा फोन, "ताई, मावशींच्या पिठल्यात मीठ जास्त झालं का? तुम्ही म्हणालात ते इथं ऑफिसात ऐकू आलं." आम्ही दोघी हसलो. मग माझ्या लक्षात आलं, मी तर खोलीतून बाहेर पडले होते. मी दोन दिवस तिथंच राहून चाळीस वेळा करून बघितलं. रेंज कमी असताना बाहेर पडलं की अकरा वेळा माईक चालू राहिला, फोन बंद करून परत लावेपर्यंत. सगळं लिहून बगच्या यादीत टाकलं. नंबर ३१२, सगळ्यात वरचा धोका, लाल रंग. सिडकोतल्या दोन खोल्यांत तू आणि राजेंद्रनं गेम बनवायला घेतला तेव्हा मला म्हणाला होतास ना, "दीपा, तू लहानपणापासून लोकांच्या चुका काढतेस, आता ऑफिसात बसून काढ"? मी काढली होती चूक.

मार्चमध्ये मीटिंग झाली. राजेंद्र म्हणाला, आवाजाचा सगळा भाग परत लिहावा लागेल, तीन आठवडे जातील. तू म्हणालास, गेममधली गणपतीची नवी सजावट आधी. पुण्याची कंपनी आपल्याला सामावून घ्यायला निघाली होती, ते बगची यादी बघणार होते, यादीत लाल काही नको होतं. आणि बग क्लोज झाला. शेरा पडला, 'नोन इश्यू, वोंट फिक्स'. मराठीत सांगायचं तर, माहीत आहे, दुरुस्त करणार नाही.

मग 'पोलीस' शब्द आला आणि तोच बग राजेंद्रनं दुरुस्त केला. किती दिवसांत? चार! तीन आठवडे नाही, चार दिवस! आणि ऑक्टोबरच्या अपडेटखाली आपण लोकांना काय सांगितलं? 'किरकोळ सुधारणा.' मी ते शब्द वाचले तेव्हा ऑफिसात होते. उठून जिन्यात जाऊन उभी राहिले, नाहीतर काहीतरी फेकून मारलं असतं.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. दसऱ्याला आपलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा तू तेच म्हणालास. "दीपा, जगात बग नसलेला एक गेम दाखव. प्रत्येक बग दुरुस्त करायची सक्ती केली तर कुणी गेमच बनवणार नाही. मोठाल्या कंपन्यांचं सोड, आपल्यासारखे अकरा जण तर उपाशी मरतील. फुकट गेम आहे. अटी वाचून लोकांनी मान्य केल्यात. असा कायदा कुठं आहे?"

मीही सात वर्षं हेच काम करतेय, मला नको शिकवू. सोंगटी पटाच्या बाहेर उडते तो बग आहे, राहू दे. राणीचा मुकुट कधीकधी डोक्याखाली दिसतो, लोक हसतात, राहू दे. जो आपल्याला दिसलाच नाही त्याबद्दलही कुणी आपल्याला फासावर देणार नाही. पण दिसला, मोजला, कुणाच्या घरात काय होईल ते लिहून झालं, आणि मग दाबला! याला कायदा लागतो का रे? आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर शॉक मारायला लागला होता, आठवतं? आप्पांनी काय केलं? मेकॅनिकला यायला सहा दिवस लागले, ऊस वाळत होता. आप्पा फ्यूज काढून खिशात घालून घरी आले. म्हणाले, आपल्याला माहीत आहे, गड्याला माहीत नाही. तुलाही दुरुस्त करणं जमत नव्हतं तर नको करूस, पण बोलायची सोय तरी बंद ठेवायची होतीस. निदान एक पाटी लावायचीस, 'रेंज कमी असेल तर खेळू नका.' पण पाटी लावली की लोकांना कळलं असतं. आणि रेंज कमी कुणाकडं असते? तुझ्या पुण्यातल्या बाराव्या मजल्यावर नाही. पिशोरच्या वस्तीवर असते. हा बग फक्त त्यांनाच चावणार होता, म्हणून तुला झोप येत होती.

आणि आता जे लिहिते त्याचं तू मला उत्तर दे, वकिलाकडून नको.

राखीला मी पुण्याला आले होते. श्रेयानं मला टॅब दिला, म्हणाली, आत्या, माझ्याशी सोंगटी खेळ ना, पण बोलता येत नाही, पप्पांनी बंद केलंय. मी सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. आपल्या गेमचा माईक तू तिच्या टॅबवर बंद करून ठेवला होतास. मी वहिनीला सहज विचारलं तर म्हणाली, "त्यांनी मार्चमध्येच केलं ते. म्हणाले, लहान पोरांना नको." तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. पिशोरहून परत येताना एसटीत आलं. मार्च, दादा. बग क्लोज झाला तोच महिना.

म्हणजे तू फ्यूज काढलास. फक्त आपल्या घरापुरता.

मला तुझ्याकडून तीन गोष्टी नकोत, एकच हवी. पिशोरला ये. त्या पोरीसमोर बस आणि सांग की आम्हाला माहीत होतं. तिला अजून वाटतंय की तिनंच काहीतरी चुकीचं दाबलं. तिनं मला एक प्रश्न विचारला तो त्याबद्दलच होता. त्याचं नंतर लिहीन. आता हात दुखतोय.

दीपा

*

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

सुदर्शनदादा,

तुझी चिठ्ठी मंगळवारी मिळाली. आईनं पाकिटावरचं अक्षर ओळखलं, किती खूश झाली. म्हणाली, बघ, लिहिलं की नाही भावानं. मी तिच्यासमोरच उघडली. आत एकच ओळ: 'बग क्लोज कुणी केला, यादीत नाव कुणाचं आहे, ते आधी बघ.'

आईनं विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, तब्येत विचारलीय. त्या दिवशी तेही खोटंच बोलले.

तू बरोबर जागी मारलंस. लहानपणीही तू भांडणात आधी कधी हात उचलायचा नाहीस, समोरच्याला कुठं दुखतं तेवढं बघून ठेवायचास. तर ऐक. मला यादी बघायची गरज नाही. यादीत माझं नाव आहे.

मार्चमधल्या मीटिंगनंतर तू मला फोन केलास. म्हणालास, "दीपा, ३१२ तूच क्लोज कर. टेस्टिंगवालीनंच केला तर बरं दिसतं." मी म्हटलं, दादा, हा नको. तू म्हणालास, "आपल्या घरच्या माणसानं तरी मला अडवू नये." एवढंच. धमकी नाही, काही नाही. मी यादी उघडली, शेरा लिहिला आणि बटण दाबलं. तू म्हणालास, "शाब्बास." पुढच्या आठवड्यात मला टेस्टिंगची हेड केलं. दारावर पाटी लागली. आईनं पाटीचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. आणि मला बरं वाटलं, दादा. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. मला अगदी मनापासून बरं वाटलं होतं.

मागच्या पत्रात मी 'बग क्लोज झाला' असं लिहिलं. दोनदा. मी परत वाचलं तेव्हा माझाच मला राग आला. पाऊस झाला, संध्याकाळ झाली, तसा बग क्लोज झाला म्हणे.

आणि पिशोरमधला तो प्रश्न. मी पिशोरला गेले त्या दिवशी निघताना ज्ञानेश्वरीनं विचारलं होतं, "ताई, खरं सांगा, तुम्हाला आधी म्हाईत होतं का?" अंगद समोर उभा. म्हाळसाबाईनं नुकताच माझ्या हातात गुळाचा चहा दिलेला. मी म्हणाले, "नाही गं. आम्हाला तुझ्या मेलवरूनच कळलं."

तिच्या घरी बसून, तिचा चहा पिऊन खोटं बोलले. आणि तिथून येऊन तुला सहा पानं शिव्या लिहिल्या. तुझ्यावरचा माझा राग खोटा नव्हता, अजूनही नाही. पण त्यातला अर्धा माझा मलाच यायला हवा होता, तोही मी तुझ्याच पत्त्यावर धाडला.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि परत पिशोरला गेले. जायच्या आधी ऑफिसातून ३१२ ची पूर्ण नोंद छापून घेतली. कुणी उघडला, कधी उघडला, चाळीस वेळांचं मोजमाप, मीटिंगमध्ये कोण काय म्हणालं ते राजेंद्रनं खाली लिहिलेलं, तू घातलेली 'युअर कॉल, बट क्लोज इट', म्हणजे निर्णय तुझा, पण बंद कर, ही ओळ, आणि शेवटी माझं नाव. प्रेरणानं मला छापताना बघितलं. उठून तिनं कागदाचा नवा गठ्ठा मशीनमध्ये घातला.

दुपारी पोचले. ज्ञानेश्वरी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. अंगद घरी होता, त्याच्या एका मेंढीचा पाय मोडला होता म्हणून तो रानात गेला नव्हता. मी बसले नाही. उभ्यानंच कागद तिच्या हातात दिले. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. आम्हाला माहीत होतं. तू काही चुकीचं दाबलं नाहीस. तू बरोबर बाहेर पडली होतीस."

तिनं हात पुसले आणि कागद घेतले. तिला इंग्रजी चांगलं येतं, नर्सिंगला सगळं इंग्रजीतच आहे. हळूहळू वाचत गेली. शेवटच्या पानावर थांबली.

"क्लोज्ड बाय दीपमाला. या तुम्हीच का?"

"हो."

"फेब्रुवारीत तुम्हीच शोधलं, आन् मार्चमधी तुम्हीच बंद केलं?"

"हो."

अंगदला पुरतं कळलं नाही, पण एवढं कळलं. तो मेंढीला सोडून उठला. "बाई, तुम्ही आमच्या घरात दोन वेळा आल्या. पहिल्या वेळी आमच्या म्हातारीनं तुमची दृष्ट काढली, शहरातून कुणीतरी इचारायला आलं म्हणून. निघा आता. लई झालं." त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. मी वळले.

"बाबा, थांबा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "त्यांना जाऊ देऊ नका. मला लिहून घ्यायचंय."

ती आत गेली आणि कॉलेजची वही घेऊन आली. अर्धी भरलेली, पुढं कुठल्यातरी रोगाची लक्षणं लिहिलेली. मागून उघडली. बाजेवर मला बसवलं आणि समोर खाली बसली. म्हणाली, "पहिल्यापासून सांगा. तारखेनं."

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. खुलताबाद, तटाची भिंत, चाळीस वेळा, अकरा वेळा. मीटिंग. मग मी म्हणाले, "आणि त्यानंतर तो बग क्लोज झाला."

तिनं पेन उचललं.

"झाला नाय, ताई. केला. तसं सांगा."

"मी क्लोज केला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

दादा, त्या क्षणात मला आपण दोघं एका सायकलवरून शाळेत जायचो ते आठवलं, तू पुढं पॅडल मारणारा आणि मी मागं तुझा शर्ट धरून. मग मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, सुदर्शन काकासाहेब. "तुमचा कोण?" तिनं विचारलं. मी सांगितलं, भाऊ. तिनं तेही लिहिलं.

सगळं लिहून झाल्यावर तिनं मला वाचून दाखवलं आणि खाली सही घेतली. म्हाळसाबाई इतका वेळ दारात बसून होती. तिनं मला या वेळी चहा दिला नाही. मी निघाले तेव्हा तेवढंच म्हणाली, "पोरी, तू शिकली-सवरलेली. तुला एवढं कसं दाबता आलं?"

ज्ञानेश्वरी रस्त्यापर्यंत सोडायला आली. मला वाटलं, माफ केलं म्हणेल. तसं काही म्हणाली नाही. म्हणाली, "मला तुमचा लई राग आलाय. पण आता मला कळलं की माझा हात चुकला नव्हता. चार महिने मी रोज तो फोन घेऊन बघत होते, कुठं चुकले म्हणून. आता नाय बघणार." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "बाबाला म्हणते मी, परीक्षेचा फॉर्म भरते. आकडीचं सगळ्यांना कळलंच हाय, आता लपवायचं काय राहिलं?" आणि परत फिरली. मी एसटीची वाट बघत उभी राहिले. त्या पोरीनं माझ्याकडं मागं वळून बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

आता तुझ्यासाठी. उद्या सोमवारी ज्ञानेश्वरी आणि अंगद इथं येणार आहेत, सायबर पोलिसांकडं तक्रार द्यायला. सोबत माझी सही असलेला जबाब आणि ३१२ ची छापील नोंद. मी त्यांना स्टँडवरून घ्यायला जाणार आहे. राजेंद्रला काल सांगितलं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "चार दिवसांचं काम होतं गं, मला तेव्हाही वाटलं होतं," आणि फोन ठेवला. माझा राजीनामा उद्या सकाळी तुझ्या मेलवर येईल, तो तरी वकिलाला दाखव.

कायद्यात हे बसतं की नाही, मला माहीत नाही. तुझा वकील म्हणेल, फुकटचा गेम, अटी मान्य, सक्ती नाही. कदाचित तो जिंकेलही. असा कायदा असता तर मार्चमध्ये मला तुझ्याशी भांडता आलं असतं. मी म्हणाले असते, दादा, माझ्या मनात असूनही मला हा बंद करता येत नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला तेवढा आधार पुरला असता. तो नव्हता, म्हणून मी फक्त बहीण झाले आणि बटण दाबलं. कायदा व्हावा असं मला वाटतं ते तुझ्यासारख्यांसाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी. माहीत झालं की दुरुस्त करा, नाहीतर बंद ठेवा, नाहीतर लोकांना सांगा. तिन्हीतलं एक केलंच पाहिजे, अशी सक्ती.

आईला आज सकाळी सगळं सांगितलं. ती बराच वेळ गहू निवडत राहिली. मग विचारलं, "दोघांवर पण केस होईल का?" मी म्हटलं, होऊ शकते. म्हणाली, "मग दोघं एकदमच या घरी. वेगवेगळे नका येऊ, मला दोनदा रडवू नका." आप्पांना तिनंच फोन लावला.

अजून वेळ आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालास तर अकरापर्यंत पोचशील. पण हे पत्र तुला मिळेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल, मला कळतं. म्हणून यातली महत्त्वाची तेवढी ओळ मी वहिनीच्या फोनवर पाठवलीय: उद्या अकरा वाजता, सायबर पोलीस ठाणे. तू आलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तर समोर.

कळावे. लोभाचं मागाहून बघू.

दीपमाला काकासाहेब